दुसऱ्याच्या पाण्यावर

बोरी बुद्रुकमध्ये साखरपुड्याची तारीख धरायची असो की देवदर्शनाला जायची, घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "पाणी कधी सुटणार?" आम्हा कुकडीकाठच्या लोकांना हा प्रश्न पंचांगाइतकाच जवळचा. वर येडगावच्या धरणातून नदीला पाणी सुटलं की खालचे कोल्हापुरी बंधारे भरतात, बंधारे भरले की काठावरच्या मोटारी चालू होतात, आणि मोटार चालू झाली की घरटी एक माणूस रानात अडकला. सामाईक विहिरीवर तर भावकीच्या पाळ्या लागलेल्या. आपली पाळी चुकली तर ती परत यायला किती दिवस लागतील, हे ज्याचं पीक मान टाकतं त्याला बरोबर कळतं. म्हणून आमच्याकडं गावाला जायचं आधी रानात ठरतं, मग ओसरीवर, आणि मोबाइलवर तिकीट निघतं ते सगळ्यात शेवटी.

यंदाच्या उन्हाळ्यासाठी लेकीनं जो बेत काढलाय तो पाण्यावर राहायचा. केरळात अलेप्पीला जायचं, खाडीसरोवरात हाउसबोटीवर एक रात्र काढायची, मग जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचं. तिनं बोलता बोलता हे काढलं आणि घरातले सगळे एकदम गप्प झाले. कुणाला नको वाटलं म्हणून नव्हे, प्रत्येकालाच ते हवंसं वाटलं म्हणून. वर्षभर पाण्यामागं धावणाऱ्या घराला कधीतरी पाण्यावर नुसतं बसावंसं वाटलं, तर त्यात नवल काय?

आमचं पाण्याशी नातं कामाचं आहे. रात्रीची थ्री फेज असते त्या आठवड्यात हे डोक्याला बॅटरी बांधून कांद्याला पाणी द्यायला निघतात. कधी कधी मीही सोबतीला जाते. अंधारात वाफा भरत जाताना पाण्याच्या पुढच्या कडेला काडीकचऱ्याची आणि फेसाची बारीक झालर धरलेली असते. ती वाफ्याच्या टोकाला टेकायच्या जरा आधी दारं मोडायचं आणि पाणी पुढच्या वाफ्याला लावायचं. घाई केली तर टोकाची रोपं कोरडी राहतात, उशीर झाला तर वरंबा फुटतो. खोऱ्यानं ओली माती ओढली, पायानं दाबली, की एक दारं बंद आणि दुसरं चालू. शेजारी उसाचा फड उभा असतो, आणि जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळं मोबाइलवर मोठ्यानं भजन लावलेलं असतं. अशा रात्री पायाला गार पाणी लागत असतं, पण त्या पाण्याकडं बघत बसायला सवड नसते. ते पाणी बघायचं नसतं, पोचवायचं असतं.

त्यामुळं हाउसबोटीचं चित्र मनात आलं की मला आधी ती सवड दिसते. पण बेत आखायला बसलो आणि त्या बोटींची माहिती काढत गेलो, तेव्हा कळलं की या नावा मुळात सवडीच्या नव्हत्याच. केट्टुवळ्ळम ही केरळची जुनी मालवाहू नाव. आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीनं शिवून, बांधून केलेली. सांगाड्यात खिळा नाही. वरून काजूच्या टरफलाचं तेल चोपडलेलं, म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही आणि कीडही लागत नाही. कुट्टनाडातलं भात भरून या नावा कालव्याकालव्यांनी कोचीच्या बाजारात जायच्या, आणि नावाडी मालाबरोबरच राहायचा, खायचा, झोपायचा. पुढं पूल झाले, रस्ते झाले, माल ट्रकनं जायला लागला आणि नावा काठाला पडून राहिल्या. १९९० च्या दशकात त्यांच्यावर बांबूचं आणि झावळ्यांचं छप्पर चढवून पाहुण्यांची सोय करायची कल्पना निघाली. आज पाण्यावर दिसणाऱ्या बऱ्याच बोटी नव्यानं बांधलेल्या आहेत, पण घाट तोच. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या माणसाला मालवाहू नावेचं हे आयुष्य चटकन जवळचं वाटतं. आमच्या ह्यांना तर हाउसबोटीतलं सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर हेच, की ती एके काळी भाताची गाडी होती.

आत्याबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; त्या माळकरी आहेत. पंढरपूरला चंद्रभागेत नावेत बसलेल्या आहेत, तरुणपणी नाणेघाट पायी उतरलेल्या आहेत. त्यांनी नातीला विचारलं, "तिथलं पाणी कुणाचं असतं गं?"

"आजी, ते केवढं मोठं सरोवर आहे. ते कुणाचं कसं असेल?"

"कुणाचंच नाही असं पाणी असतं का कुठं? कुणीतरी अडवत असेल, कुणीतरी सोडत असेल. आपण मध्येच कुणाच्या पाळीत जाऊन बसायचो नाही ना, एवढं बघा."

त्या एका वाक्यानं आमच्या सगळ्या बेताची दिशा बदलली. सहलीची आखणी म्हणजे गाडी, खोली, जेवण आणि बघायच्या जागा, असं आपण धरून चालतो. आपल्याला कधी सवड आहे ते बघायचं आणि त्या तारखा त्या गावावर नेऊन ठेवायच्या. आत्याबाईंचा प्रश्न याच्या उलट टोकाकडून येतो. आधी तिथल्या पाण्याचं वेळापत्रक विचारा, मग आपलं ठरवा. पाण्यावरच्या सुट्टीची खरी आखणी हीच, असं आता मला मनापासून वाटतं. कारण जिथं जिथं पाणी सुंदर दिसतं, तिथं तिथं ते कुणाच्या तरी कामाचं असतं.

कुट्टनाडातलं पाणी कुणाचं, याचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन पोचतो. पंपा, मीनच्चिल, मणिमला आणि अच्चनकोविल या नद्या वेंबनाड सरोवराला मिळतात, तिथल्या सखल प्रदेशातली बरीचशी भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. म्हणजे बोटीत बसलेला माणूस वर आणि काठापलीकडचं भाताचं रान खाली. सरोवरातलाच गाळ काढून, बांध घालून, आतलं पाणी उपसून ही रानं तयार केली गेली. पूर्वी पायानं फिरवायच्या लाकडी चाकांनी पाणी उपसत, मग पेट्टी-परा नावाचा लाकडी पेटीतला पंप आला. आमच्याकडं पाणी रानात आणण्यासाठी मोटार लागते, तिकडं रानातून बाहेर काढण्यासाठी. पेरणीआधी कुट्टनाडात सगळीकडं उपसा चालू असतो. तिथलं मुख्य भातपीक, ज्याला पुंजा म्हणतात, ते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणीला येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१३ मध्ये या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान दिला. पाहुणे ज्या हिरव्या काठांचे फोटो काढतात तो काठ म्हणजे कुणाच्या तरी रानाचा बांध आहे. बोटीच्या लाटांनी तो ढासळला तर भरपाई त्याच्या पिकातून जाते.

वेंबनाडवर तण्णीरमुक्कम नावाचा बंधारा आहे, १९७० च्या दशकात पुरा झालेला. समुद्राचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून त्याची दारं साधारण डिसेंबरच्या मध्यावर बंद करतात आणि कापणी झाली की उघडतात. भातवाल्याला ती बंद हवीत. मासेमाऱ्याला उघडी हवीत, कारण खाऱ्या-गोड्या पाण्याच्या येण्याजाण्यावर मासळीचं आणि कोळंबीचं जगणं आहे. शिवाय दारं बंद असली की पाणी साचून राहतं आणि जलपर्णी माजते; खारं पाणी आत आलं की ती मरते. दरवर्षी दारं कधी उघडायची यावरून दोन्ही बाजू भांडतात, आणि दोन्ही बाजूंचं खरं असतं.

हा वाद आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचा मिळून आमचा कुकडी प्रकल्प. येडगावपासून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. धरणं आमच्या उशाला, आणि तहान तिकडं लांबपर्यंत. उन्हाळी आवर्तन कधी सोडायचं, किती दिवस चालवायचं, नदीला किती आणि कालव्याला किती, यासाठी कालवा सल्लागार समितीची बैठक बसते, आणि त्या बैठकीची बातमी आमच्याकडं निवडणुकीच्या निकालासारखी वाचली जाते. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला वाटतं वरच्यांनी पाणी जिरवलं, वरच्याला वाटतं आपल्या दारातून पाणी जातं आणि आपली विहीर कोरडी. दोघांच्याही घरात कांदा आणि ऊस तोच असतो. अलेप्पीचा नकाशा बघताना तण्णीरमुक्कमच्या दारांवर बोट ठेवून हे म्हणाले, "म्हणजे इथंही टेल आणि हेड आहेच." त्या क्षणी केरळ आम्हाला परकं राहिलं नाही.

बेत पक्का करण्याआधी आम्ही आमच्या अगदी शेजारचं पाणी बघायला गेलो. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभ्याचं धरण आहे. त्याच्या बॅकवॉटरचा पसारा डोंगरांच्या पायात शिरत शिरत लांबवर गेलाय, आणि पावसाळ्यानंतर तो बघितला तर तिथंच एखादी हाउसबोट असावी असं कुणालाही वाटेल. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. पाणी उतरलं की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. धरणात जमिनी गेलेले बरेचसे लोक महादेव कोळी. डोंगरावर सरकलेल्या या माणसांनी त्याच पाण्याशी नवं नातं जोडलं. पाणी ओसरत जाईल तसतशी उघडी पडणारी गाळाची जमीन ते कसतात, तिला गाळपेर म्हणतात. नाव चालवायला, जाळं टाकायला शिकून त्यांनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. 'शाश्वत' या संस्थेनं त्यांच्या बरोबरीनं हे काम केलं. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बुडालेल्या जमिनीच्या काठावर पुन्हा हक्कानं उभं राहायचं, यात किती वर्षांची चिकाटी असेल!

तिथं आमच्या ओळखीच्या घरातली एक बाई गाळपेरीच्या तुकड्यात भुईमूग निंदत होती. ओल अजून जमिनीत होती. तिनं मूठभर माती उचलून दाबली तर बोटांचे ठसे तसेच राहिले. खाली पाण्याची कड चकाकत होती. ती म्हणाली, "पाणी जसं मागं जातं तसं आम्ही पुढं जातो. पावसाळ्यात ते पुढं येतं, मग आम्ही मागं." आणि मग काठाकडं हात करून म्हणाली, "सुट्टीला गाड्या येतात ना ताई, त्या पाण्यापर्यंत जायचं म्हणून सरळ पेरलेल्यातून जातात. त्यांना वाटतं मोकळंच रान आहे." तिचा आवाज चढला नव्हता. पण माझ्या लेकीनं ते ऐकलं आणि परतताना गाडीत तिनं आपली वही काढून बोटवाल्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी पुन्हा लिहिली.

यजमानाच्या जागी उभं राहिलं म्हणजे काय वाटतं, हे बोरीला चांगलं माहीत आहे. आमच्या नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांपासून परदेशी अभ्यासकांपर्यंत माणसं गावात यायला लागली. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली. राख कोणत्या उद्रेकाची, किती जुनी, यावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं वाद घातला. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ती असावी, असं अनेकजण मानतात. त्या स्फोटात जो प्रचंड खड्डा पडला तिथं आज टोबा सरोवर आहे, आणि लोक तिथंही सुट्टीला जातात, बोटीत बसतात. दूरच्या उष्ण प्रदेशातलं एक सरोवर आणि आमची कुकडी यांच्यामध्ये राखेची अशी एक ओळख आहे, हे लेकीला शाळेत असताना कळलं तेव्हा ती मूठभर राख डबीत घालून घरी घेऊन आली होती. चिमटीत धरली तर ती मैद्यासारखी मऊ लागते आणि उन्हात तिचे बारीक कण चमकतात.

राख बघायला येणारी माणसं आम्हाला आवडतात. आपल्या गावाचं नाव जगाच्या अभ्यासात आहे याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? त्यांना आम्ही चहा देतो, वाट दाखवतो. फक्त एवढंच सांगतो, की रोप नुकतंच लावलंय, बांधावरून चला. जो पाहुणा बांधावरून चालतो, थांबून विचारतो की हे कसलं रोप, भाव काय मिळाला, त्याच्याशी बोलताना वेळ कसा जातो कळत नाही. जो तुडवत जातो, त्याच्याशी बोलणं संपतं. कुट्टनाडातल्या शेतकऱ्याला आमच्याकडून हवं असणार ते याहून वेगळं काय असेल?

मग आम्ही तारखांकडं वळलो. रब्बीचा कांदा एप्रिलमध्ये काढून चाळीत पडला की मेच्या पहिल्या पंधरवड्यात घराला जरा उसंत असते. तेव्हा ऊस आणि गुरांचा चारा तेवढा पाण्यावर असतो, म्हणून उन्हाळी आवर्तनाच्या मधला काळ धरायचा. धाकटे दीर आणि जाऊबाई गोठा सांभाळणार. सकाळ-संध्याकाळची धार आणि डेअरी त्यांच्याकडं. दिवाळीत त्यांनी जायचं, तेव्हा त्यांच्या गायी आमच्याकडं. तिकडं मेपर्यंत पुंजाची कापणी उरकलेली असते, बंधाऱ्याची दारं उघडलेली असतात, कापलेल्या रानांत सांडलेलं भात टिपायला बदकांचे कळप सोडतात. ऊन असेल, हवा दमट असेल, वळवाची सरही येईल. हिवाळ्यात हवा जास्त चांगली असते हे खरं, पण तेव्हा कांद्याची लागण सोडून आम्ही येऊ शकत नाही, आणि घाम आम्हाला नवा नाही. एक जूनच्या सुमाराला केरळात पाऊस उतरतो, त्याच्या बऱ्याच आधी परतायचं.

जायचं रेल्वेनं. आळेफाट्याहून माळशेज घाट उतरून कल्याण, तिथून पनवेल, आणि पनवेलहून कोकण रेल्वे. माळशेज उतरताना आत्याबाईंना नाणेघाटाची आठवण येणार हे नक्की. आमच्या कुकडीचा उगम त्याच डोंगररांगेत, कुकडेश्वराजवळ. कड्याच्या या बाजूला पडलेलं पाणी घोड, भीमा आणि कृष्णेतून सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. पलीकडं पडलेलं थोड्या अंतरात अरबी समुद्र गाठतं. पाणी पूर्वेला गेलं तरी माणसं मात्र पश्चिमेला उतरत राहिली. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटानं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडं जायचा, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आजही वाचता येतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण आणि केरळातलं मुझिरिस ही दोन्ही बंदरं आहेत. तेव्हा घाटमाथ्यावरच्या माणसानं मलबारच्या पाण्यावर जाणं यात नवं काही नाही. आमचा तालुका तो रस्ता दोन हजार वर्षांपासून ओळखतो.

हाउसबोट एकाच रात्रीपुरती घ्यायची, लहान, दोन खोल्यांची. लेकीच्या वहीतले प्रश्न असे: परवाना आहे का, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, मैला टाकीत साठवून काठावर देता की पाण्यात सोडता, रात्रभर जनरेटर चालणार का, संध्याकाळी बोट कुठं लावणार. या शेवटच्या प्रश्नाला तिथं फार अर्थ आहे. अंधार पडायच्या आत हाउसबोटींनी काठाला लागायचं असतं, कारण त्यानंतर सरोवर मासेमाऱ्यांचं. ते जाळी टाकतात. ही त्यांची पाळी. "आणखी थोडं फिरवा" असा हट्ट करणारा पाहुणा त्यांच्या जाळ्यावरून जातो, आणि जिवाशीही खेळतो. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला संध्याकाळच्या वेळी क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली प्रवासी बोट उलटली आणि २२ जण गेले. हे वाचल्यावर सगळ्या घरानं एक नियम केला: दिवस मावळायच्या आत काठ, आणि पाण्यावर असेपर्यंत जॅकेट अंगात, मग उकडो की काही होवो.

बाकीचं पाणी सरकारी बोटीनं बघायचं. केरळच्या राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटी अलेप्पीहून गावोगाव जातात, आमच्या एसटीसारख्या. त्यांत शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, कामावरून परतणारी माणसं असतात. तिकीट अगदी थोडं. बोट धक्क्याला लागते, कुणी उतरतं, कुणी चढतं, आणि आपल्याला लोकांची दारं, अंगणं, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या जवळून दिसतात. ज्यांचं पाणी त्यांच्याच गाडीतून, त्यांच्याच वेळेला बघायचं, यापेक्षा चांगली ओळख कोणती? जेवणाचं म्हणाल तर आत्याबाईंसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल, आणि तिथला जाड तांबडा भात त्यांना चालेलच, आवडेलही. अलेप्पीच्या समुद्रावर १८६२ चा जुना धक्का आहे, त्याचे नुसते खांब उरलेत. काथ्या आणि मिरी इथूनच जहाजांवर चढायची. तिथं एक संध्याकाळ, आणि जमलं तर मरारीच्या वाळूवर एक सकाळ.

येताना कुडाळला उतरून तारकर्लीला जायचं, हा माझा हट्ट. केरळच्या धर्तीच्या हाउसबोटी एमटीडीसीनं कर्लीच्या खाडीतही आणल्या होत्या, पण मला ओढ आहे ती त्या जागेचीच. देवबागकडं जमिनीची पट्टी इतकी अरुंद होत जाते की एका अंगाला कर्ली आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माडांच्या सावलीत घरं. तिथं वेळापत्रक भरती-ओहोटीचं. संगमाजवळचा वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. होडीवाला म्हणेल तेव्हा जायचं, म्हणेल तेव्हा निघायचं. मेच्या अखेरीला तिथली जलक्रीडेची हंगामी वर्दळ थांबते, आणि जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद राहते, मासळीला अंडी घालायला सवड मिळावी म्हणून. पहाटे रापण ओढताना बघायची आहे. समुद्रात अर्धगोल टाकलेल्या जाळ्याची दोन टोकं धरून दोन ओळींत माणसं वाळूवर मागं मागं सरकतात, आणि आलेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. वाट्यानं काम आणि वाट्यानं धन, हे बघून आत्याबाईंच्या जिवाला फार बरं वाटेल असा माझा अंदाज आहे.

हे सगळं लिहून ठेवताना मला आमच्या उद्याचा विचार येतो. २०१८ मध्ये जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट हे आधीपासून आहेच. आता धरणांच्या पाण्याकडंही लोकांचं लक्ष गेलंय. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, डिंभे, कुठं ना कुठं उद्या बोटी येतील, काठावर खोल्या उभ्या राहतील. त्या यायला हव्यात. शेतीला जोडधंदा मिळेल, आदिवासी पाड्यातल्या पोराला पुण्याला न जाता काम मिळेल, डोंगरातली माणसं आणि शहरातली माणसं एकमेकांशी बोलतील. मला हे मनापासून हवं आहे. पण ज्या दिवशी पहिल्या बोटीचा कागद तयार होईल, त्या दिवशी जाळं टाकणाऱ्याला आणि गाळपेर करणाऱ्या बाईला आधी बोलवावं. तुमची पाळी कधी, तुमचं पेरलेलं कुठं, तुमची होडी कोणत्या वाटेनं जाते, हे विचारावं आणि उत्तरं कागदावर पहिल्या पानावर लिहावीत. नाव चालवायचं पहिलं काम आणि कमाईतला पहिला वाटा त्यांचा असावा. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात त्यांना जे थोडं मिळालं, त्यावरून आपल्या आनंदाची बोट नेऊ नये.

आणि जो पाहुणा म्हणून जातो, त्यानं हे काम आपल्यापुरतं घरातूनच सुरू करावं. आम्ही ते केलं. तिकिटं अजून काढायची आहेत, आवर्तनाची बैठक अजून व्हायची आहे. पण कुट्टनाडात आम्ही कुणाच्या दारात जातोय हे आता आम्हाला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक झाल्यापासून जायची ओढ दुप्पट झाली आहे.